हिरवा वाघ

सन १९८२ मध्ये अमेरिकेतील मॅटेल या कंपनीने ही-मॅन नावाच्या वीराची खेळणी बाजारात आणली. वीर म्हटला की त्याला वाहन हवेच! परंतु नवा साचा घडविणे हे मोठ्या खर्चाचे काम. कंपनीपाशी ‘बिग जिम’ नावाच्या जुन्या, आकाराने मोठ्या बाहुल्याच्या खेळण्यांतील एक वाघ होता. त्याचाच साचा पुन्हा उपयोगात आणला गेला. लहानग्या ही-मॅनशेजारी तो वाघ घोड्याएवढा भासू लागला. मग त्याला हिरवा रंग व नारिंगी पट्टे दिले, पाठीवर खोगीर आणि मस्तकावर शिरस्त्राण चढविले. आणि ‘बॅटल कॅट’ अवतरला. त्याचे पाय हलत नसत. पण मुलांचे त्यावाचून काही अडले नाही.

त्याची खरी गंमत १९८३ सालच्या चित्रमालिकेत आहे. तेथे तो एरव्ही क्रिंजर असतो. या नावाचा अर्थच मुळी अंग चोरणारा! खाणे व झोपणे त्याला प्रिय. राजपुत्र अ‍ॅडम ही-मॅन झाला, की आपली तलवार क्रिंजरकडे रोखतो. तो थरथरतो, दडू पाहतो. इतक्यात तलवारीचे तेज अंगावर पडते आणि त्याची डरकाळी घुमते. संकट टळल्यावर तो पुन्हा क्रिंजर होतो, आणि पुन्हा भितो.