तालुक्यातला डॉक्टर आणि संशोधन : पाच गैरसमज

एमडी, एमएसची परीक्षा जवळ आली की रेसिडेंटांच्या होस्टेलवर एक प्रश्न हमखास निघतो : कॉलेजात राहायचं की दवाखाना टाकायचा? शिकवणं आणि संशोधन कॉलेजवाल्यांचं, रुग्ण आणि कमाई दवाखानावाल्यांची, अशी वाटणी त्यात गृहीत धरलेली असते. रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात घडलेलं काम पाहिलं की ही वाटणी किती पोकळ आहे ते कळतं.

गैरसमज १ : संशोधन मेडिकल कॉलेजातच होतं.

वस्तुस्थिती : डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण तिथे येत. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसांत पाणी आणि मृत्यू. त्या काळी गंभीर विषबाधा झालेल्या १०० जणांपैकी सुमारे ४० दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हृदयाची लक्षणं टिपून ठेवली. कोणती लक्षणं धोक्याची पूर्वसूचना देतात, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. असे रुग्ण कॉलेजच्या वॉर्डात क्वचितच वेळेत पोहोचतात. म्हणून हा प्रश्न बिरवाडीतच नीट दिसू शकत होता.

गैरसमज २ : एमडी होऊन तालुक्याला परतलं की उच्च शिक्षण वाया जातं.

वस्तुस्थिती : बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात एमडी केलं आणि ते याच भागात परतले. विंचवाच्या विषाने स्वायत्त मज्जासंस्था खवळते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य ताण येतो. हे आवळणं अल्फा रिसेप्टरमार्फत होतं. ते रिसेप्टर रोखणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी बाजारात आधीपासून होती. विंचूदंशावर तिचा उपयोग दाखवणारा त्यांचा लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे उपचार रुळले तसं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रश्न तालुक्याने दिला, उत्तर शोधण्याची तयारी उच्च शिक्षणाने. दोन्ही एकाच माणसापाशी होतं, म्हणून ही गोळी विंचूदंशाच्या रुग्णापर्यंत पोहोचली.

गैरसमज ३ : छोट्या रुग्णालयात फार तर एखाद्या केसची नोंद होते, शास्त्रशुद्ध चाचणी नाही.

वस्तुस्थिती : २०११ मध्ये 'बीएमजे'ने हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या रुग्णालयात केलेली चाचणी छापली. ७० रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन दिलं, ३५ जणांना त्यासोबत विंचूविषावरचं प्रतिविषही. १० तासांत पहिल्या गटातले ८ जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्या गटातले ३२. चाचणी लहान होती, एकाच ठिकाणची होती आणि कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं. या मर्यादा लक्षात घेऊनही फरक ठळक उरतो. चाचणीचे नियम मात्र तालुक्यासाठी सैल होत नाहीत. रुग्णाची संमती आणि एथिक्स कमिटीची मान्यता हवीच. स्वतःची कमिटी नसेल तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीची मदत घेता येते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही वाट आहे.

गैरसमज ४ : प्रॅक्टिस सांभाळून शिकवणं ही नवीन कल्पना आहे, आणि मनात आणलं की अर्धवेळ प्राध्यापकपद मिळतं.

वस्तुस्थिती : दोन्ही गोष्टी चुकीच्या. मुंबईच्या केईएम, जे. जे.मध्ये 'ऑनररी' डॉक्टरांनी सकाळी वॉर्डात राउंड घेत आणि संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसत अनेक पिढ्या शिकवल्या. आता मान्यतेसाठी मोजली जाणारी अध्यापकपदं पूर्णवेळ आहेत, आणि सहायक प्राध्यापक होण्याच्या नेहमीच्या वाटेवर एमडी, एमएसनंतर एक वर्षाची सीनियर रेसिडेन्सी लागते. म्हणून तालुक्यात जायचं ठरलं असलं तरी ते एक वर्ष पूर्ण करून ठेवावं. पुढे कॉलेजचं दार उघडं राहतं. रायगडात आता अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. शिवाय डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीमुळे पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत काम करतात. शिकणारे कॉलेजच्या भिंतीबाहेर येऊ लागले आहेत, तेव्हा शिकवणाऱ्यांसाठीही तिथे जागा झाली पाहिजे.

गैरसमज ५ : जिद्द असली की पुरे.

वस्तुस्थिती : बावस्करांची जिद्द वादातीत आहे. पण एका माणसाने रात्री जागून जे केलं, तेच प्रत्येकाने करावं, ही अपेक्षा म्हणजे धोरण नव्हे. ग्रामीण रुग्णालयातल्या तज्ज्ञाला ओपीडी, प्रसूती, अपघात, पोस्टमॉर्टेम सगळं उरकायचं असतं. त्याला आठवड्यातला अर्धा दिवस नोंदी आणि लेखनासाठी अधिकृतपणे मिळाला, जवळच्या कॉलेजातला एक सांख्यिकीतज्ज्ञ आणि एक मार्गदर्शक नेमून दिला, तर दर तालुक्यातून एक तरी प्रश्न सुटू लागेल. सावित्री नदीच्या पुरानंतर लेप्टोचे रुग्ण किती वाढतात? सर्पदंशाचा रुग्ण पोलादपूरच्या वाडीतून निघून पहिल्या इंजेक्शनपर्यंत किती वेळात पोहोचतो? ही उत्तरं पुण्या-मुंबईत बसून मिळणार नाहीत.

यंदा एमडी, एमएस होणाऱ्यांनी तीन गोष्टी आत्ताच कराव्यात. प्रबंधाच्या मार्गदर्शकाशी संबंध तोडू नयेत. जिथे जाल तिथला एकच प्रश्न निवडून त्याच्या नोंदींचा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवावा. आणि नोकरी स्वीकारताना पगाराबरोबर अभ्यासाचे तासही लेखी मागावेत. हे मागणं म्हणजे रुग्णांचा वेळ चोरणं नव्हे. महाडच्या पट्ट्यात विंचूदंशातून वाचलेल्या माणसांचा जीव अशाच वेळातून वाचला आहे.