तासांचा हिशोब

आमची हयात कामाचे तास मोजण्यात गेली. आठ तासांवर घटकाभर जास्त राबवले तर त्याचे दाम मागावे, हे आम्ही कामगारांना शिकवीत आलो. तेव्हा आज एका नाजूक विषयाकडे आम्ही हिशोबनिसाच्या नजरेने पाहिले, तर नातेपुत्याच्या श्रोत्यांनी राग मानू नये.

काही वर्षांमागे एक तरुण कामगार पगारातून उचल मिळवून द्या म्हणून आमच्याकडे आला. कारण सांगेना. खोदून विचारले तेव्हा कळले की, त्याचे लग्न ठरले होते आणि भिंतीवरची जाहिरात वाचून इंद्रिय वाढविण्याच्या तेलापायी त्याने दोन महिन्यांचा पगार घालवला होता. रोज पाऊण तास चोळणे, ओढणे चालले होते. गुण काही नाही. निळे डाग मात्र उठले होते. मान खाली घालून त्याने एवढेच विचारले, "अण्णा, अजून किती दिस करावं लागंल?"

या प्रश्नाचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. तालमीत जोर काढल्याने दंड भरतो, कारण दंडात स्नायू असतो. इंद्रियाच्या लांबीत तसा स्नायू नाही. तिथे स्पंजासारख्या दोन नळ्या आहेत व त्यांवर चिवट आवरण आहे. रक्त भरले की ताठरता येते. चोळून वा पिळून हे आवरण वाढते, असा भरवशाचा पुरावा नाही. उलट बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आत व्रण धरतो, कधी इंद्रियाला बाकही येतो.

सतत ताण देणाऱ्या उपकरणाची गोष्ट थोडी निराळी. इटलीतल्या डॉक्टरांनी २००९ साली मोजक्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. रोज किमान चार तास, सहा महिने उपकरण लावल्यावर ताणून मोजलेली लांबी सरासरी १.७ सेंटिमीटर वाढली. आता आमचा हिशोब पाहा. सहा महिन्यांचे १८० दिवस, रोज चार तास, म्हणजे ७२० तास. आठ तासांच्या ९० पाळ्या झाल्या, आणि मजुरी बोटाच्या पेरापेक्षाही कमी! असा करार आम्ही कोणत्याही कामगाराला करू दिला नसता. शिवाय तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, रस्त्यावरच्या तंबूत नव्हे.

बहुतेकांना तर या कामाची गरजच नसते. १५,००० हून अधिक पुरुषांची मापे एकत्र करून २०१५ साली जो आढावा निघाला, त्यात ताठर अवस्थेतील सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर भरली. वरून खाली पाहताना स्वतःचे नेहमीच आखूड दिसते. पोट सुटले की आणखी आखूड दिसते.

मग कष्ट करायचेच असतील तर कुठे करावेत? लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते रोज आवळून सोडण्याचा व्यायाम आहे. त्याने लांबी वाढत नाही. पण ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांवरील ब्रिटनमधल्या प्रयोगात, सहा महिन्यांअखेर सुमारे ४० टक्के पूर्ववत झाले. तंबाखू सोडावी, रोज चालावे, मधुमेह व रक्तदाब तपासून घ्यावा. रक्ताचा पुरवठा नीट राहिला तर हा अवयव आपले काम करतो.

हे बोलणे नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि वाचकांच्या अशा प्रश्नांना उघड उत्तरे दिली. त्यापायी १९३४ साली खटला झाला, डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. पुढे लैंगिक शक्ती वाढविण्याच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ साली आला. कायदा आहे, तरी भिंती रंगतातच. कारण फसलेला माणूस लाजेने तक्रार करीत नाही. भोंदूचे खरे भांडवल ती लाज आहे.

त्या तरुणाला आम्ही डॉक्टरांकडे नेले. तपासून ते म्हणाले, "तुला काहीच झालेले नाही. चोळणे तेवढे बंद कर." या निदानाला दहा मिनिटे लागली. घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांशी वेळेवर एवढी दहा मिनिटे बोलावे, इतकीच आमची मागणी आहे.