दुसऱ्या भागात ट्रम्पेट गप्प का बसतो?

हेन्री पर्सेलचा डी मेजरमधला ट्रम्पेट सोनाटा ऐकलाय? 1694च्या सुमाराची ही छोटीशी रचना. पहिल्या भागात ट्रम्पेट आणि तंतुवाद्यं एकमेकांना उत्तरं देतात. मग संथ भाग सुरू होतो आणि ट्रम्पेट चक्क गप्प! तो परततो थेट तिसऱ्या भागात.

ओठांना विसावा हवा, हे खरंच. पण मोठं कारण नळीत आहे. आजच्या ट्रम्पेटवर बोटांनी दाबायच्या कळा असतात. त्या एकोणिसाव्या शतकात आल्या. पर्सेलच्या काळचा ट्रम्पेट म्हणजे सुमारे सात फुटांची वळवलेली नळी. ना कळा, ना भोकं. आपल्या तुतारीसारखंच सगळं काम ओठांचं आणि फुंकरीचं.

अशा नळीतून हवा तो स्वर काढता येत नाही. तिचे ठरलेले उपस्वर तेवढे मिळतात. खालच्या पट्टीत ते लांब लांब असतात: सा, प, सा, ग, प. तानपुरा नीट लागला की न छेडलेला गांधार ऐकू येतो ना, तो याच मालिकेतला पाचवा स्वर. आठव्यापासून पुढे स्वर जवळ येतात, सलग सा रे ग मिळतात. म्हणून तर बरोक ट्रम्पेट एवढा उंच वाजतो. तिथेही अकरावा स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो. तो ओठांनी ओढून सुरात आणावा लागतो. पर्सेलच्या काळात लंडनमध्ये यात नावाजलेला वादक होता जॉन शोर. 1711 मधला ट्यूनिंग फोर्कचा शोधही त्याच्याच नावावर आहे.

पण शोरलाही नळीचा सा हलवता येत नव्हता. संगीत मायनरमध्ये, दुसऱ्या षड्जाकडे निघालं की ट्रम्पेट मागे राहणार. व्हायोलिनना अशी अडचण नाही. म्हणून पर्सेल त्यांना एकटं पाठवतो. ती परत आली की ट्रम्पेट पुन्हा वाजतो आणि आपण घरी पोचल्यासारखं वाटतं.

नाताळच्या सुमारास ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी हँडलचा ‘मसाया’ होतो. त्यातल्या ‘द ट्रम्पेट शॅल साउंड’ या गाण्यातही मधल्या मायनर भागात ट्रम्पेट थांबतो. वेळ वाचवायला तो भाग बरेचदा गाळतात. गाळला, तर लक्षात ठेवा: ट्रम्पेट कुठे गेलाच नाही, मग परतणार कुठून?