घाटावरच्या वाचकांचा दर्या

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये एका पायाचा जॉन सिल्व्हर आपल्या पोपटाची थोरवी गातो. पोपट मादागास्करला जाऊन आला आहे, मलबार पाहून आला आहे, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयला चाच्यांनी लुटले तेव्हाही तो हजर होता, असे सिल्व्हर छातीठोकपणे सांगतो. १८८३ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीचे बहुतेक वाचक हा मजकूर भरभर ओलांडून खजिन्याकडे धावतात. मराठी वाचकाने मात्र इथे क्षणभर थांबायला हवे, कारण सिल्व्हरची ही बढाई खऱ्या इतिहासावर उभी आहे. १७२१ साली गोव्याचा मावळता व्हाइसरॉय ‘नोसा सेन्योरा दो काबो’ या जहाजातून पोर्तुगालला परतत होता. वादळाने जहाज खिळखिळे झाले, डागडुजीसाठी ते आजच्या रियुनियन बेटाशी नांगरून पडले, आणि तिथेच टेलर व ला ब्यूझ या चाच्यांनी ते हिऱ्यामोत्यांसकट घशात घातले.

त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यावर दुसरे नाटक रंगले. मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला इंग्लंडहून आलेला कमोडोर मॅथ्यूज मुंबईकर इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यासह अलिबागला मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेला. मोहीम पुरती फसली. एका मराठा स्वाराने मॅथ्यूजच्या मांडीत भाला खुपसला. चिडलेला कमोडोर घोडा फेकत त्याच्या मागे लागला, पिस्तुले रोखली, आणि तेव्हा कळले की ती भरलेलीच नाहीत. हा प्रसंग त्या काळी इथे असलेल्या क्लेमंट डाउनिंगने १७३७ साली छापलेल्या पुस्तकात नोंदवला आहे. कादंबरीकाराने कल्पनेतून रचला असता तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते.

सागरी साहसकथांची मातृभूमी इंग्लंड आणि फ्रान्स, आपण नुसते पाहुणे वाचक, ही समजूत म्हणूनच खरी नाही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत बसून हे वाचणाऱ्याला समुद्र लांबचा वाटणे साहजिक आहे. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, मेन रोडवरची गर्दी; पाणी म्हटले की आठवणार तो रंकाळा आणि पंचगंगा. मालवण गाठायचे तर घाट उतरून दीडशेएक किलोमीटर जावे लागते. पण या शहराच्या राजगादीकडे एके काळी स्वतःचे आरमार होते, आणि त्याची राजधानी म्हणावी असा किल्ला होता सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर पाया घातलेला हा जलदुर्ग पुढे करवीर छत्रपतींकडे आला. अठराव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत ‘मालवणवाले’ म्हणून ज्या चाच्यांच्या नावाने खडे फोडलेले दिसतात, ती माणसे कोल्हापूर दरबारची होती. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी मोठी रक्कम व व्यापाराला त्रास न देण्याची हमी घेऊन तो कोल्हापूरला परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे गेले. कोल्हापूरचा दर्या असा कागदावरच्या सहीने सुटला.

मग अशा कादंबऱ्यांची ओढ नेमकी कशाची? तलवारी आणि तोफा जमिनीवरच्या कथांतही असतात. खजिना तर कुठेही पुरता येतो. जहाजाची गोष्ट वेगळी आहे. चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे तिथून कुणाला निघून जाता येत नाही. शूर आणि भित्रा, प्रामाणिक आणि दगाबाज, सगळे एकाच फळीवर झोपतात आणि एकाच पिंपातले पाणी पितात. कप्तानाचा शब्द हाच कायदा, आणि कप्तान चुकला तर शिक्षा सर्वांना. त्यात वारा हे एक पात्र असते, त्याला ना लाच देता येते ना धाक. गडावरचा वेढा महिनोन्‌महिने चालतो. समुद्रावर वारा फिरला की अर्ध्या घटकेत शिकारी सावज होतो.

या ओढीचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. उत्तम सागरी कादंबरी वाचकाला एक कसब शिकवते. दोर कुठला ओढायचा, शीड कधी उतरवायचे, भरतीच्या कोणत्या वेळी खाडीच्या तोंडातून आत शिरायचे, हे नायकाला कळते म्हणून तो जिंकतो. पॅट्रिक ओब्रायनच्या १९६९ मधल्या ‘मास्टर अँड कमांडर’मधली मोठी लढाई हे याचे उत्तम उदाहरण. तिच्यामागे लॉर्ड कॉक्रेनचा खरा पराक्रम आहे. ६ मे १८०१ रोजी त्याच्या ‘स्पीडी’ या चिमुकल्या जहाजाने ‘एल गामो’ ही स्पॅनिश फ्रिगेट पकडली. स्पीडीवर १४ हलक्या तोफा आणि ५४ माणसे; गामोवर ३२ तोफा आणि ३१९ माणसे. कॉक्रेनने आपले जहाज शत्रूच्या इतके कुशीत नेले की गामोच्या उंचावरच्या तोफांचे गोळे डोक्यावरून जाऊ लागले. मग सुकाणूवर एकट्या डॉक्टरला ठेवून सगळे शत्रूच्या जहाजावर चढले, आणि ऐन धुमश्चक्रीत कॉक्रेनने माणूस पाठवून स्पॅनिश निशाण उतरवले. आपल्या कप्तानाने शरणागती पत्करली असे समजून स्पॅनिश खलाशांनी हत्यारे टाकली.

हीच अक्कल कोकण किनाऱ्यावर त्याआधी कितीतरी वर्षे चालत होती. आंग्र्यांच्या ताफ्यात दोन प्रकारची जहाजे मुख्य. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, उथळ पाण्यात चालणारे जहाज, त्याच्या पुढच्या टोकाला समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान आणि चपळ, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला आणि ईस्ट इंडिया कंपनीचे अवजड जहाज जागच्या जागी डुलू लागले की गलबते दोर लावून गुराबांना ओढत आणत, तीही शत्रूच्या पिछाडीकडून, कारण जहाजाच्या तोफा असतात त्याच्या दोन्ही कुशींना. आधी मारा डोलकाठ्यांवर आणि दोरखंडांवर. शिडे फाटली, जहाज लुळे झाले की चहूबाजूंनी गलबते भिडत आणि शेकडो माणसे तलवारी घेऊन वर चढत. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने या युद्धपद्धतीचे बारकाईने वर्णन केले आहे. ज्याला सागरी लढाईचे प्रकरण लिहायचे आहे त्याच्यासाठी हा अर्धा आराखडाच आहे.

कान्होजींना इंग्रज चाचा म्हणत. कान्होजींची भूमिका सरळ होती: या पाण्यावर मराठी राज्याचा हक्क आहे, व्यापाऱ्याने सरखेलांचे दस्तक घ्यावे आणि खुशाल जावे, दस्तक नसेल तर जहाज धरले जाईल. पोर्तुगीजांनी याच समुद्रावर असेच परवाने विकले होते. १७१२ मध्ये कान्होजींच्या ताफ्याने मुंबईच्या गव्हर्नरचे खास जहाज धरले. त्या झटापटीत कारवारच्या वखारीचा प्रमुख ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. तिच्या सुटकेसाठी इंग्रजांना तीस हजार रुपये मोजावे लागले. एकाच्या दप्तरात हा दरोडा आहे आणि दुसऱ्याच्या दप्तरात अंमलबजावणी. चांगल्या कादंबरीला अशीच जागा लागते.

राफाएल साबातिनीने पाश्चात्त्य वाचकांना वेड लावले ते याच जागेवर उभे राहून. ‘कॅप्टन ब्लड’ (१९२२) मधला नायक डॉक्टर आहे. बंडातल्या जखमीवर उपचार केले म्हणून त्याला राजद्रोही ठरवून गुलाम म्हणून वेस्ट इंडीजला विकले जाते, आणि तिथून निसटून तो चाचा होतो. १९१५ च्या ‘द सी हॉक’मधला सरदारही असाच अन्यायाने पळवला जाऊन बार्बरी किनाऱ्यावरच्या मुसलमान दर्यावर्दींत सामील होतो. गुन्हेगार कायदा करणारा की मोडणारा, हा प्रश्न या कथांच्या पोटात असतो. मनोहर माळगावकरांनी १९५९ मध्ये लिहिलेले कान्होजींचे इंग्रजी चरित्र पुढे ‘द सी हॉक’ याच नावाने निघाले. पु. ल. देशपांड्यांनी ते ‘कान्होजी आंग्रे’ या नावाने मराठीत आणले.

कोल्हापूरच्या मातीत घडलेल्या कलावंतांनीही या कथाप्रकाराला हात घातला होता, पडद्यावर. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी पुढे पुण्याला गेली आणि तिथे १९३६ मध्ये व्ही. शांतारामांनी ‘अमरज्योती’ हा हिंदी चित्रपट काढला. आईचा मुलावर हक्क नाही असे राज्याचा न्यायमंत्री दुर्जय ठणकावतो, आणि सौदामिनी जहाज घेऊन समुद्रावर जाते, चाच्यांची राणी होते, दुर्जयालाच कैद करते. दुर्गा खोट्यांची सौदामिनी आणि चंद्रमोहनचा दुर्जय यांचा तो सामना व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही दाखवला गेला. अन्यायाने पेटलेला दर्यावर्दी हा साबातिनीचाच साचा. पण तिथे एका आईला उभे करणे ही शांतारामांच्या मंडळींची स्वतःची झेप होती, आणि साबातिनीच्या झेपेपेक्षा ती मोठी आहे.

मराठी पुस्तकांच्या कपाटात मात्र हा कप्पा अरुंद आहे. नाथमाधवांची ‘सावळ्या तांडेल’ १९०९ ची. सिंहगडावरून पडून कमरेखालचे अंग लुळे झालेल्या या लेखकाने अंथरुणावर पडून मराठी वाचकांना घोडदौडी घडवल्या आणि एका तांडेलाला नायकपण दिले. गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत ‘दर्याभवानी’ आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. व्हर्नचा कॅप्टन निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेला, हे ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये उघड होते, तेव्हा भारतीय वाचकाला त्या पाणबुडीचा सूड आपला वाटू लागतो. आणखीही नावे काढता येतील, पण गड, घोडे आणि दरबार यांवरच्या कादंबऱ्यांच्या राशीपुढे ती थोडीच.

असे का झाले? इंग्रजीत सागरी कादंबरी रुजवणारा कॅप्टन मॅरियट स्वतः आरमारात होता, तोही तरुणपणी याच कॉक्रेनच्या हाताखाली. जोसेफ कॉनरॅडने उमेदीची वर्षे जहाजांवर काढली. आपल्याकडे ज्यांच्या तळहाताला वल्ह्यांचे घट्टे होते ते गाबीत, भंडारी आणि कोळी यांच्यापर्यंत लेखणी फार उशिरा पोचली. आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्यातल्या अनेकांना समुद्र किनाऱ्यावरूनच ठाऊक होता. वि. स. खांडेकरांचेच पाहावे. कोल्हापूरला येण्याआधी १९२० ते १९३८ ते शिरोड्याला शिक्षक होते, समुद्राच्या सान्निध्यात. त्यांच्या लेखनात समुद्र येतो तो बहुधा मनाच्या भरतीओहोटीला सोबत म्हणून. लढाऊ तारू कुठे दिसत नाही. हा त्यांचा दोष नव्हे, त्यांचा पिंड वेगळा होता. पण मराठी साहित्याने खलाशाचे तोंड फारसे उघडू दिले नाही, हे मान्य करायलाच हवे.

कच्च्या मालाचा तुटवडा आहे असे म्हणण्याची तर सोयच नाही. खुद्द कोल्हापूरच्या गादीसाठी १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेले, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले ‘आज्ञापत्र’ उघडावे. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. वाऱ्यावाचून हलणार नाहीत अशी अवाढव्य जहाजे बांधू नयेत. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. पावसाळ्याआधीच ताफा किल्ल्याच्या आसऱ्याला आणावा, पण दरसाल एकाच बंदरात नव्हे, नाहीतर तिथल्या गावांना आरमारी लोकांचा उपद्रव होतो. शत्रूचे जहाज शरण आले तरी आपण होऊन त्याच्याजवळ जाऊ नये, त्याच्या माणसाला आपल्याकडे बोलवावे. जहाजाला लाकूड हवे म्हणून रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावे. यातल्या एकेका कलमात एकेक प्रकरण दडलेले आहे: दग्याने वर केलेले शरणागतीचे निशाण, वळवाच्या आधी बंदर गाठण्याची घाई, फणस वाचवण्यासाठी आरमारी कारकुनासमोर उभी राहिलेली मालवणची म्हातारी.

आणि कोल्हापूरकर लेखकाला नायिका हवी असेल तर ती आहे. १७६० मध्ये करवीरचे संभाजीराजे निवर्तल्यावर राणी जिजाबाईंनी राज्याचा कारभार हाती घेतला आणि १७७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो चालवला. एका अंगाला पुण्याचे पेशवे, दुसऱ्या अंगाला मुंबईचे इंग्रज, शेजारी सावंतवाडीकर. सिंधुदुर्ग पडला तो याच काळात, आणि परत मिळवला गेला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. घाटावरून राज्य चालवणारी विधवा राणी, खाली मालवणच्या बंदरात तिच्या नावाने गलबते हाकणारे तांडेल, आणि किल्ल्यावर वर्षभर फडकणारे परके निशाण. सिंधुदुर्गाच्या तटाला आजही मालवणच्या धक्क्यावरून होडीने जाता येते, करवीर दरबारची कागदपत्रे कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि इंग्रजांची बाजू गॅझेटियरमध्ये छापलेली आहे. जिजाबाईंच्या तांडेलांची बाजू लिहायला एखाद्या कादंबरीकाराने आता घाट उतरावा.