इजाजत, तस्दीक आणि सनद : कोळंबी संवर्धनातील तीन कागद

मराठीत आपण 'प्रमाणपत्र' हा एकच शब्द वापरून मोकळे होतो. उर्दूत इजाजत, तस्दीक आणि सनद या तीन निराळ्या गोष्टी आहेत. कोळंबी संवर्धनातील कागद समजून घेताना हा भेद उपयोगी पडतो, कारण एका कागदावरून दुसऱ्याचा दावा करण्याची चूक सहज होऊ शकते.

इजाजत म्हणजे कायदेशीर नोंदणी. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी किनारी भागातील कोळंबी शेतीवर कडक निर्बंध घातले. पारंपरिक पद्धतींना मात्र वगळले. (गोव्यातील खाजणे हे अशा जुन्या पद्धतीचे आपल्या ओळखीचे उदाहरण.) त्यानंतर २००५ च्या किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायद्याने नोंदणी सक्तीची केली. तळे कोठे व कोणत्या अटींवर चालावे हे नोंदणी सांगते. हाती आलेल्या मालात काय उतरले आहे, हे ती सांगत नाही.

त्यासाठी तस्दीक लागते. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक काही व्यक्तींमध्ये रक्तनिर्मितीच बंद पाडू शकते व त्याची सुरक्षित मात्रा ठरविता आलेली नाही. नायट्रोफ्युरान गटातील मूळ औषध शरीरात लवकर विघटित होते, पण त्याचे अवशेष ऊतींतील प्रथिनांना चिकटून कित्येक आठवडे टिकतात. म्हणून प्रयोगशाळा औषधाऐवजी हे अवशेष शोधते. निर्यातीच्या मालासाठी काढणीपूर्वीच तळ्यातील नमुना तपासण्याची व्यवस्था त्यातूनच आली. तरीही २०१६ मध्ये युरोपीय संघाने भारतीय संवर्धित मालाच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. काही तळ्यांच्या चुकीचा भुर्दंड तो सर्वांनाच पडला.

सनद ऐच्छिक असते. २०१० साली स्थापन झालेल्या अ‍ॅक्वाकल्चर स्टुअर्डशिप कौन्सिलच्या मानकांत खारफुटी, खाद्याचा उगम आणि मजुरांची स्थिती हेही येते. लेखापरीक्षक त्रयस्थ असतो, पण खर्च उत्पादकाच्या बाजूने होतो. एक-दोन हेक्टरवाल्या शेतकऱ्याला तो झेपत नाही. त्याने गटाने प्रमाणित होणे हाच मार्ग उरतो. लहान शेतकऱ्यांना संघटित करण्यासाठी सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने २००७ मध्ये 'नॅक्सा' स्थापन केली. २०२० मध्ये त्याच प्राधिकरणाने प्रतिजैविकमुक्त हॅचरी व तळ्यांसाठी 'शफरी' योजना आखली. संस्कृतात शफरी म्हणजे चमचमणारी लहान मासळी. कोळंबीला हे नाव का, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकाला पडणारच.

आपले विद्यार्थी यात हलालचा प्रश्नही मिसळतात. कोकणी मुसलमानांच्या शाफई मसलकात कोळंबी जायज आहे. हनफी उलेमांत मात्र ती मासळीत मोडते की नाही, याविषयी मतभेद आहेत. परंतु हलालचा शिक्का असला म्हणून प्रतिजैविकाची चाचणी झाली, असे समजू नये.

देशांतर्गत बाजारातील कोळंबीतही ही औषधे निषिद्धच आहेत. फरक इतकाच की, परदेशी आयातदार मालाबरोबर चाचणीचा कागद मागतो. आपण मासळी बाजारात फक्त भाव विचारतो.