ट्रेलरची शेपटी का डुलते?

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर पिकअप ट्रकच्या मागे जोडलेली चाकांवरची घरं धावताना दिसतात. ट्रेलर तीन टनांचा, ट्रकची ओढायची क्षमता त्याहून जास्त. कागदावर सगळं जुळतं. तरीही ताशी शंभराच्या आसपास ट्रेलर अचानक डुलू लागतो आणि काही सेकंदांत ट्रकलाही आडवा करू शकतो. सामान चुकीच्या जागी भरलं, एवढंच कारण त्याला पुरतं.

याचं एक साधं प्रात्यक्षिक आहे. फिरत्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी, तिला जोडलेला छोटा ट्रेलर आणि त्यावर सरकवता येणारी वजनं. वजनं पुढे असताना ट्रेलरला टिचकी मारली तर तो थोडा हलतो नि सरळ होतो. तीच वजनं मागे सरकवून टिचकी मारली, की प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत जातो आणि शेवटी गाडी उलटते. पट्ट्याचा वेग मात्र तोच असतो.

जड शेपटी एका बाजूला झुलली की ट्रेलरचं तोंड उलट्या बाजूला जातं आणि ट्रकचा मागचा भाग ढकलतं. त्या धक्क्यानं पुढचा झोका वाढतो. टायरचं घर्षण हे झोके शमवत असतं, पण वेग वाढतो तशी ती शमवण्याची ताकद घटते. एका ठरावीक वेगापुढे झोके आपोआप वाढू लागतात. म्हणून ऐंशीला गुणी वाटलेला ट्रेलर शंभरला बिथरतो.

यासाठी अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रक आणि ट्रेलरच्या जोडावर, ठेवायला सांगतात. तीन टनांवर तो किमान 300 किलो झाला. आता ट्रेलरच्या मागच्या बंपरला सायकलींचा 80 किलोचा रॅक लावा. तो ट्रेलरच्या चाकांच्या आसापासून 4 मीटर मागे आणि हिच आसाच्या 5 मीटर पुढे असेल, तर हिचवरचे 64 किलो उचलले जातात. उरतात 236, म्हणजे जेमतेम पावणेआठ टक्के! हे रॅक मला सर्वांत धोक्याचे वाटतात, कारण ते वजन कुणी मोजतच नाही.

पुढे-मागे समतोल साधण्यासाठी दोन्ही टोकांना जड सामान ठेवणंही चूकच. आसापासून 3 मीटरवरचे 20 किलो, 1 मीटरवरच्या तेवढ्याच वजनाच्या नऊपट जोरानं झोका थांबवायला विरोध करतात. पाण्याचे कॅन, जनरेटर, हत्यारांची पेटी आसाजवळ, जमिनीलगत हवी.

हिचवर फार भार दिला तर ट्रकची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची पकड जाते. स्प्रिंगच्या दांड्यांची हिच त्यातला काही भार पुढच्या चाकांवर परत आणते. मात्र मागे भरलेल्या ट्रेलरवर तो इलाज नव्हे.

डुलणं सुरू झालंच, तर ट्रकचा ब्रेक दाबू नये, वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि ट्रेलरच्या ब्रेकचा हाताजवळचा स्वतंत्र खटका हलके दाबावा. ट्रेलर मागे ताणला जातो, जोडी सरळ होते. मग सुरक्षित जागी थांबून सामान पुढे सरकवावं.