गायरानावर फुलं परत यावीत, पण भूमिहीनांना उठवून नव्हे

शिरूर आणि दौंड म्हटलं की ऊस, कांदा, साखर कारखाने आणि रांजणगाव-कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आठवतात. भीमा आणि घोड या नद्यांनी, चासकमान आणि खडकवासल्याच्या कालव्यांनी या तालुक्यांचा बराच भाग बागायती केला. पाणी जिथे पोहोचलं नाही, तिथे मात्र अजून माळ आहेत. काही वनखात्याचे, काही गायरान. सरकारी दप्तरात त्यांची ओळख बहुतेक वेळा एकाच शब्दात होते: पडीक.

या जमिनींवर मधमाश्या, फुलपाखरं आणि इतर परागवाहक कीटकांसाठी फुलोरा परत आणता येतो. त्यासाठी सरकारी अनुदान आणि कंपन्यांचा निधीही मिळू शकतो. हे काम कसं चालतं आणि त्यात आपल्या समाजाने काय पाहिलं पाहिजे, ते इथे मांडत आहोत.

माशी नसेल तर काय अडतं?

ज्वारी-बाजरीला मधमाशी लागत नाही. ऊस तर कांडीपासूनच लावतात. पण कांद्याच्या बियाण्याचं तसं नाही. कांद्याच्या गोंड्यातल्या प्रत्येक फुलात पराग आधी तयार होतो आणि तो घेणारा स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारा कीटक लागतोच. कलिंगड, भोपळा, दोडका यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. सूर्यफूल, तूर, डाळिंब यांनाही माश्यांचा फायदा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या जैवविविधताविषयक आंतरशासकीय मंचाच्या २०१६ च्या अहवालानुसार, जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक पिकं कमी-जास्त प्रमाणात परागवाहकांवर अवलंबून आहेत. गोंड्यात बी भरलं नाही तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि काढणी-मळणीला जाणाऱ्या मजूर बायांचा रोजही बुडतो.

आधी जे आहे ते राखा

आग्या माशी उंच झाडावर किंवा कड्यावर पोळं बांधते, सातेरी झाडाच्या ढोलीत, तर फुलोरी झुडपात. शिवाय एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्यांच्या असंख्य जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य उघड्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. म्हणजे आपल्याला मोकळी दिसणारी जमीन हे त्यांचं घर असतं.

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडांची मोहीम झाली. वृक्षारोपण चांगलंच, पण माळावर यंत्राने सलग चर खोदून गिरिपुष्पासारखं परदेशी झाड दाट लावलं, तर गवत आणि पावसाळी रानफुलं सावलीत मरतात. रानमाश्यांची बिळंही चरांत जातात. त्यामुळे या कामाचा पहिला नियम सोपा आहे: जे उगवलं आहे ते ओळखा आणि राखा. बाभूळ, हिवर, बोर, तरवड, निर्गुडी ही आपल्या माळाचीच झाडं-झुडपं. बांधाला आणि रस्त्याकडेला कडुनिंब, करंज, चिंच. उन्हाळ्यात कडुनिंब-करंज, पावसाळ्यात बाभूळ, पावसाच्या अखेरीस बोर आणि हिवर, असा फुलोरा वर्षभर मिळाला तरच माश्या टिकतात. नुसत्या पेट्या वाटणं सोपं आहे, पण फुलं नसतील तर पेटीतली माशी उपाशी राहते किंवा रानमाश्यांचा घास घेते.

जवळची उदाहरणं पाहा. बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं, पण चिंकारांनी माळाचं मोल दाखवून दिलं आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथे जंगल शाबूत होतं, म्हणूनच मध होता.

पैसा कुठून येतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पर्यावरण हा त्यातला मान्य विषय आहे. मात्र हा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी लागते. मधमाशीपालनासाठी केंद्राचं ५०० कोटींचं राष्ट्रीय अभियान २०२० मध्ये जाहीर झालं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजनाही आहे. रोपवाटिका आणि लागवडीची मजुरी रोजगार हमीतून निघू शकते. जमीन मात्र सरकारची किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यातली असते. म्हणून वनखातं किंवा पंचायत, संस्था आणि निधी देणारी कंपनी यांच्यात करार होतो.

करारात चौथं नाव हवं

ते नाव त्या जमिनीवर जगणाऱ्यांचं. गायरान हा आपल्यासाठी जुना प्रश्न आहे. १९५९ आणि १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, ते अशाच जमिनींसाठी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याची वाट दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपालसिंग निकालात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील, तर त्याचा अपवादही नोंदवला.

माशीच्या नावाने तारेचं कुंपण आलं आणि आतली कुटुंबं बाहेर गेली, तर ते पुनरुज्जीवन नव्हे. आणि ज्यांची चराई तुटली ते कुंपणही तोडतील, मग फुलंही राहणार नाहीत. म्हणून करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. कुंपणाआधी कसणाऱ्या आणि चारणाऱ्या कुटुंबांची नोंद व्हावी. गवत कापण्याचा हक्क आणि आळीपाळीने चराई ठरावी. रोपवाटिका, राखण आणि बी गोळा करण्याचं काम भूमिहीन कुटुंबांना, विशेषतः महिलांना मिळावं. आणि पैसा फक्त लागवडीच्या वर्षापुरता नसावा, पुढच्या किमान तीन वर्षांच्या देखभालीचाही असावा.

यासाठी हातात साधन आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. २००४ च्या केंद्रीय नियमांनी त्यात किमान एक तृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य ठेवण्याची तरतूद केली. पुढच्या ग्रामसभेत विचारा: आपल्या गावची समिती कोणती, तिच्यात आपलं कोण आहे, लोकजैवविविधता नोंदवहीत माळावरच्या कोणत्या झाडांची नावं आहेत, आणि गायरानावर कुणाशी कोणता करार झाला आहे? कराराची प्रत मागा. माळ कोणता, त्यावर कधी काय फुलतं आणि त्यावर कोण जगतं, हे गावातल्या आपल्याच माणसांना सर्वांत चांगलं माहीत आहे. ती माहिती कागदावर आणण्याचं काम आजपासून सुरू करता येईल.